अजगराचा उपवास

वाचकहो, घरात साप निघाला तर काय करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातला साप जेवेनासा झाला तर काय करावे, हा प्रश्न मात्र तुमच्यापैकी फारच थोड्यांना पडला असेल. मला तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पडला आणि सुमारे दोन महिने त्याने माझा पिच्छा सोडला नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा ठरतो. इंग्लंडात परिस्थिती निराळी आहे. तिथे मुले ससा पाळावा तितक्या सहजपणे साप पाळतात. माझी मुलगी तिथल्या मिल्टन कीन्स या गावी राहते. ती परिचारिका आहे आणि जावई अभियंता. २०१८ च्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी गेले, तेव्हा नातवाच्या खोलीत बिस्किट होता. नाव बिस्किट, जात रॉयल पायथन. हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या देशांकडचा, बिनविषारी आणि आकाराने लहान असा अजगर. लांबी साडेतीन फूट, अंगावर काळ्या रंगात मधाच्या रंगाचे डाग. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात.

मुलीने हे मला आधी सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी आले नसते, हे तिला माहीत होते.

त्यामागचे कारण तुम्हालाही सांगायला हवे. माझे माहेर शिराळा तालुक्यातल्या एका वाडीतले. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुम्ही ऐकून असाल. माझ्या लहानपणी तिथे जिवंत नाग मडक्यांतून आणून पूजत आणि मिरवत असत. अशा मुलखात वाढलेल्या मुलीला सापाची भीती वाटावी, हे विचित्र वाटेल. पण १९६७ च्या श्रावणात माझ्या वडिलांना बांधावर पान लागले. आमच्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. त्याच वर्षी पुढे डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घरात मात्र त्या वर्षाची ओळख भूकंपाचे वर्ष अशी कधीच राहिली नाही.

वडिलांना देवळात नेले. विष चढले आहे की नाही हे पाहण्यासाठी कडुनिंबाचा पाला चावायला द्यायची रीत होती. पाला कडू लागला तर विष चढलेले नाही, गोड लागला तर चढले. पाला आणायला मला पिटाळले. मी नऊ वर्षांची होते. धावत जाऊन फांदीच मोडून आणली. वडिलांनी पाने चावली आणि तोंड वाकडे करून म्हणाले, "कडू आहे." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, लघवी बंद झाली, आणि बैलगाडी, मग एसटी असे करत मिरजेला पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. जनावर कुणी पाहिले नव्हते. भात्यासारखा मोठा फुत्कार ऐकू आला, एवढेच वडिलांनी सांगितले होते. पुढे शिक्षिका झाल्यावर सापांविषयी वाचताना कळले की असा फुत्कार घोणस टाकते आणि तिचे विष रक्तावर आणि मूत्रपिंडांवर घाला घालते. जिभेच्या चवीशी त्याचा काही संबंध नसतो. पाला कडूच लागणार होता.

असो. आपण बिस्किटकडे वळू.

घरी दिवसभर मी एकटी असे. सकाळी आठला सगळे बाहेर पडत आणि ईशान, माझा अकरा वर्षांचा नातू, दुपारी साडेतीनला परत येई. त्याने मला एका कागदावर कामे लिहून दिली होती : पाणी बदलणे, तापमापकावरचे आकडे पाहणे, दार उघडे न ठेवणे. सापाचे घर म्हणजे लाकडी कपाट, पुढे सरकत्या काचा, तळाशी झाडाच्या सालीचा चुरा, दोन बाजूंना लपण्यासाठी दोन गुहा. एका बाजूला उष्णता देणारी गादी आणि तिच्यावर ताबा ठेवणारे यंत्र. त्या बाजूला बत्तीस अंश सेल्सिअस, दुसऱ्या बाजूला पंचवीस. सापाला स्वतःच्या शरीराची ऊब निर्माण करता येत नाही. ऊब हवी तेव्हा तो एका टोकाला सरकतो, नको तेव्हा दुसऱ्या. पाणी बदलताना मी एका हातात लाकडी उलथने धरीत असे. त्याचा उपयोग काय करणार होते, हे मला आजही सांगता यायचे नाही.

ईशानजवळ एक वही होती. तारीख, बिस्किटचे वजन, खाणे, कात. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होत असे, हे कळल्यावर मी त्या काट्यावर पीठ मोजणे सोडून दिले. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गोठवलेल्या उंदरांची पिशवी असे. आमच्या शाकाहारी घरात हे कसे चालते, असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, "आई, तो शाकाहारी नाही ना."

२७ नोव्हेंबरला बिस्किटने शेवटचा उंदीर खाल्ला होता. ८ डिसेंबरला त्याने तोंड फिरवले. १८ ला तेच, २८ ला तेच. हिवाळ्यात या जातीचे अजगर, विशेषतः नर, अनेक आठवडे आणि कधी महिनोन्‌महिने खाणे सोडतात. तो त्यांचा विणीचा हंगाम असतो. दुकानदाराने हेच सांगितले, पुस्तकात हेच होते, जावयानेही हेच सांगितले. वजनही फारसे घटले नव्हते, अकराशे चाळीस ग्रॅमचे अकराशे दहा. सर्वांचे समाधान झाले. मी मात्र एका रात्री मुलीला म्हणाले, "थोडे दूध ठेवून बघा." ईशान हसून म्हणाला, "आजी, सापाला दूध पचत नाही." तीस वर्षे मी वर्गात हेच शिकवले होते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी फळ्यावर लिहून द्यायची मी! संकट घरात आले की फळ्यावरचे अक्षर किती लवकर पुसले जाते, पाहा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बिस्किटचे डोळे निळसर, दुधाळ झाले. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकण्यापूर्वी जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठल्याने तो धुरकट दिसतो. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, तो चिडका होतो आणि बहुधा खात नाही. म्हणजे उपवासाला आता दुसरे कारण मिळाले. १२ जानेवारीला कात पडली, पण सलग नाही, चिंध्याचिंध्या होऊन. हवेत ओलावा कमी असला की असे होते. घर तापवणाऱ्या यंत्राने हवा कोरडी केली होती. ईशानने सालीच्या चुऱ्यावर पाणी शिंपडले, आर्द्रता अठ्ठावन्न टक्क्यांवर आणली. आता जेवेल, असे सारे म्हणाले. १५ तारखेला त्याने उंदराकडे पाहिलेसुद्धा नाही.

आणि त्यानंतर तो पाण्यात जाऊन बसला.

तुम्ही म्हशीला डबक्यात बसलेली पाहिली असेल, तसा नाही. तपकिरी रंगाच्या त्या लहानशा भांड्यात अंगाची वेटोळी कोंबून, नाक तेवढे वर ठेवून तो दिवसचे दिवस पडून राही. रात्री बाहेर येऊन हनुवटी आणि गाल काचेला, गुहेच्या कडेला घासत फिरे. रात्री तहान लागली की मी उठे, त्याच्या खोलीच्या दारातून डोकावे आणि ते घासणे ऐकत उभी राही.

मला भीती वाटत होती, ती तुमच्याजवळ कबूल करते. आमच्याकडे म्हणतात, साप डूख धरतो. तो डूख धरीत नाही, हेही मी शिकवलेले होते. तरीही मध्यरात्री मनात येई, मी आले आणि याचे खाणे बंद झाले. माझ्या घरातून एक माणूस नेले, आता हे काय मागते आहे?

हे मी कुणाला बोलले नव्हते. पण १६ तारखेच्या संध्याकाळी ईशानच वही हातात घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, तू आल्यापासून तो जेवत नाही." त्याच्या आईने त्याला दटावले. मी म्हणाले, "दटावू नकोस, त्याचे गणित बरोबर आहे." १ डिसेंबरला मी आले. त्यानंतरची प्रत्येक नोंद 'नाही' अशी होती. मुलाचे डोळे भरले होते. या मुलाला शाळेत मित्र बेताचेच होते, आणि घरी आल्यावर दप्तर टाकून तो आधी त्या काचेशी जाऊन बसे. माझ्याशी त्याचे बोलणे तोडक्यामोडक्या मराठीत चाले. त्या संध्याकाळपासून तेही थांबले.

माझ्या येण्याने त्या घरात काय बदलले होते? विचार करता एकच गोष्ट हाती लागली. मी रोज सकाळी उदबत्ती लावीत असे. सापाची घ्राणशक्ती तीव्र असते. तो जीभ बाहेर काढून हवेतले कण टिपतो आणि टाळूतल्या विशिष्ट अवयवाने ते ओळखतो. तेव्हा उदबत्तीचा धूर त्याला छळत असणे अशक्य नव्हते. १७ तारखेपासून मी उदबत्ती बंद केली, बाकी काहीही बदलले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढी शिस्त शाळेच्या प्रयोगशाळेने मला लावली होती. आठ दिवस देव बिनउदबत्तीचे राहिले. बिस्किट पाण्यातच राहिला. आठव्या दिवशी मी ईशानला सांगितले, "उदबत्ती नाही." त्याने वहीत तशी नोंद केली. बोलला काही नाही, पण वही माझ्यासमोर उघडी ठेवून गेला.

मग मी ती वही नीट वाचली. उपवासाची तीन कारणे आम्ही मानली होती : हिवाळा, कात, कोरडी हवा. तिन्ही खरी होती. तिन्ही खरी होती म्हणूनच पाण्यात बसण्याचे आणि घासण्याचे वेगळे कारण कुणी शोधले नाही. सगळ्या विचित्रपणाला आम्ही उपवासाच्याच खात्यावर टाकत होतो. पाण्यात बसण्याची कारणे पुस्तकात निराळी दिली होती. फार उष्णता, पण आकडे तर बत्तीस आणि पंचवीस होते. ओलाव्याची कमतरता, पण तीही भरून निघाली होती. तिसरे कारण लिहिले होते ते अंगावरच्या परजीवी किडीचे. ईशान म्हणाला होता, "ते नाही. मी बघितले, काही दिसत नाही."

२६ जानेवारी, शनिवार. सगळे घरी होते. त्या तपकिरी भांड्यात अंग मावेना म्हणून तो एका बाजूने बाहेर लोंबत असे, ते मला पाहवेना. मी स्वयंपाकघरातले पांढरे, पसरट एनॅमलचे भांडे आणून ठेवले. त्यावरून मुलीशी थोडी बोलाचाली झाली. दोन तासांनी पाणी बदलायला ते बाहेर काढले, तर तळाशी काळे ठिपके होते. खसखशीहून बारीक, शाईच्या पेनाने टिंबे द्यावीत तसे. सालीचा चुरा असेल म्हणून मी ओतून टाकणार, इतक्यात कडेवरचे एक टिंब चालू लागले.

मी एकदम आमच्या वाडीतल्या खुराड्यापाशी जाऊन पोहोचले. कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्या, रात्री कलकल करू लागल्या, की आई त्यांना काही करीत नसे. ती आधी खुराड्याच्या फटींत काडी घालून पाही. दिवसा तिथे लपलेली आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पिणारी बारीक कीड त्या काडीला लागून येई. मग राख, चुन्याची निवळी, आणि सगळे खुराडे उन्हात. कोंबड्या स्वतः मातीत लोळून अंग झाडतात. इथे माती नव्हती, पाणी होते. तो अजगर आपल्यापरीने किडी बुडवून मारीत होता. तपकिरी भांड्यात त्या आम्हाला दिसल्या नव्हत्या, एवढेच.

मी ईशानला हाक मारली. पांढरा रुमाल ओला केला आणि म्हणाले, "तू त्याला धर. मी पुसते."

"आजी, तू?"

त्याने बिस्किटला दोन्ही हातांवर घेतले. मी रुमाल त्याच्या मानेपासून शेपटीकडे ओढला. साप बुळबुळीत असतो, असे मला बासष्टाव्या वर्षाला टेकेपर्यंत वाटत होते. तो कोरडा असतो, गार असतो, जुन्या चामड्याच्या पाकिटासारखा लागतो, आणि आत काहीतरी संथपणे सरकत असते. माझा हात थरथरत होता. हात थांबला की तोही थांबे. रुमालावर तीन ठिपके आले. एक नखाने चिरडला तर तांबडा डाग पडला. जावयाच्या भिंगातून पाहिले, तेव्हा हनुवटीखालच्या खवल्यांच्या खाचेत आणि डोळ्याच्या कडेशी ते दाटीने बसलेले दिसले. तिथेच तो घाशीत होता.

या किडीचे शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. मादी सापाचे रक्त पिते आणि अंडी घालायला अंगावरून उतरून अंधाऱ्या फटीत जाते. म्हणून सापाला कितीही धुतले तरी घर तसेच राहिले तर कीड परत येते. फार झाली तर साप रक्तक्षयाने खंगतो. उबदार कपाटात तिची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. मी बोटांवर आठवडे मोजत मागे गेले आणि ईशानला विचारले, "ही आली कुठून? नोव्हेंबरात काही नवीन आणले होते का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या मित्राकडे कॉर्न स्नेक आहे. मी त्याला हातात घेतले होते. घरी आल्यावर हात धुतले नाहीत. ते मी वहीत लिहिले नाही." तारीख त्याच्या पक्की लक्षात होती, २४ नोव्हेंबर. त्या वेळी मी वाडीत बॅग भरत होते.

कीड त्या दिवशीच आली, असे शपथेवर मी सांगणार नाही. सालीच्या पोत्यातूनही ती येऊ शकते. पण त्या मुलाने दोन महिने ती तारीख उरात बाळगली होती आणि आजीकडे बोट दाखवले होते, हे मला समजले. मला त्याचा राग आला नाही. कडुनिंबाची फांदी मोडून आणणाऱ्या मुलीने इतकी वर्षे काय बाळगले होते, ते मी त्याला सांगितले. मराठीत सांगितले, सावकाश. त्याला सगळे शब्द कळले नसावेत. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पण आजी, तुला माहीत नव्हते." त्याचे 'माहीत' मला दोनदा ऐकावे लागले.

सोमवारी पशुवैद्याकडे गेलो. त्याने तोंड उघडून पाहिले, श्वास ऐकला, फुप्फुसाचा किंवा हिरड्यांचा विकार नाही असे सांगितले आणि फवारा लिहून दिला. सालीचा चुरा फेकला. गुहा उकळत्या पाण्यात बुडवल्या, कपाटाच्या फटी कापसाच्या काड्यांनी पुसल्या, तळाला पांढरे कागद अंथरले. ते रोज बदलायचे आणि ठिपके मोजायचे. पहिल्या दिवशी एकेचाळीस, आठवड्याने नऊ. मग एकदम पुन्हा सव्वीस, कारण जुनी अंडी फुटली होती. ईशान रडकुंडीला आला. वैद्याने हे आधीच सांगितले होते, म्हणून दुसरा फवारा ठरल्या दिवशीच मारला. मोजण्याचे काम माझे होते. उलथने मी परत स्वयंपाकघरात ठेवले.

याच दिवसांत ईशानने मला बेनिनमधल्या विदाह गावाविषयी वाचून दाखवले. तिथे अजगरांचे देऊळ आहे. देवळातले अजगर गावात फिरतात आणि कुणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना पाहुण्यासारखे वागवून परत नेऊन सोडतात. बिस्किटच्याच जातीचे अजगर! मी त्याला आमच्या भिंतीवरचे चंदनाने काढलेले नाग सांगितले. वडील गेल्यानंतरही आईने ते दरवर्षी काढले. का, हे मी तिला कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

२१ फेब्रुवारीला ईशान सहलीला गेला होता आणि यायला रात्र होणार होती. उंदीर द्यायचा दिवस तोच होता. गोठलेला उंदीर पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवला, चिमट्याने धरला, काच सरकवली. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. त्याने डोके वळवले. जीभ दोनदा आत-बाहेर झाली. मी डोळे मिटले नाहीत. झेप मला दिसली नाही, चिमट्याला बसलेला हिसका तेवढा कळला. मग वेटोळे, आणि डोक्याकडून हळूहळू गिळणे. सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागली असतील.

वही उघडली. ईशानच्या इंग्रजी नोंदींखाली मी मराठीत लिहिले : २१ फेब्रुवारी. खाल्ले. वजन उद्या. कागदावर ठिपके नाहीत. पाणी स्वच्छ.